स्टेजवरून पियानो उतरवताना

मंडळाच्या ग्रुपवर सकाळी सातला निरोप पडला: परवा लग्न आहे, उद्या दुपारी बारापर्यंत स्टेज पूर्ण मोकळं पाहिजे, पियानोसुद्धा. खाली चार जणांनी लगेच अंगठे टाकले. त्यातल्या एकाला तरी पियानो किती जड असतो ते ठाऊक होतं का? माझा चहा तसाच राहिला. चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या आणि जळगावात मेहरूणमधल्या घरातून तरातरा चालतच हॉलवर गेले. रिक्षाची वाट बघत उभं राहणं मला जमत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, ते काही खोटं नव्हतं.

आमचा हॉल म्हणजे सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही. सकाळी योगवर्ग, दुपारी कधी साड्यांचं प्रदर्शन तर कधी स्पर्धा परीक्षांचे क्लास, संध्याकाळी भजन आणि लग्नसराईत नुसती लग्नंच लग्नं. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात काळा ग्रँड पियानो. योगवाले त्याच्यावर चटया ठेवतात, साडीवाले पुतळे टेकवतात, आणि एकदा एका आचाऱ्याने गुलाबजामचा टोप ठेवलेला मी स्वतः उचलला आहे. दसऱ्याला कुणीतरी त्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतं. त्याचं मला काही वाटत नाही, उलट बरं वाटतं. पण गेल्या दिवाळीत भजनवाल्यांनी तो त्याच्याच चाकांवर ढकलत भिंतीपर्यंत नेला आणि पुढच्या पायाला चीर गेली. तेव्हा मी जी काही भांडले, की अजून त्यातल्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू!

हा पियानो मूळचा धुळ्याचा, एका डॉक्टरांच्या बंगल्यातला. त्या डॉक्टरीणबाईंनी मला त्याच्यावर शिकवलं, मी आठ वर्षांची असताना. बंगला विकायला निघाला तेव्हा त्यांच्या मुलांना पियानो नको झाला. मी तोवर जळगावात शाळेत संगीत शिकवायला लागले होते. मंडळाच्या अध्यक्षांच्या हात धुऊन मागे लागले आणि तो इथे आणवला. आता निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस त्याच्यावर नऊ मुलांना शिकवते. या मुलांना दुसरा ग्रँड पियानो बघायचा झाला तरी गाडीत बसून लांब जावं लागेल.

अध्यक्षांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो. भाऊंची डाळ मिल आहे, घराणं राजस्थानातून आलेलं, माणूस गोड बोलणारा. पण त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून गोड न बोलता सांगितलं, "बाई, आता नाकापेक्षा मोती जड झालाय. या वेळी काहीही मोडलं, पियानो मोडो नाहीतर फरशी, तर मी तो देऊन टाकणार. हायवेवरच्या हॉटेलवाल्याने मागितलाय."

"त्याच्याकडे वाजवणार कोण?" मी विचारलं.

"वाजवायचा कशाला? रिसेप्शनला ठेवणार, शोभेला. वर फुलदाणी."

फुलदाणी! मी म्हणाले, "भाऊ, तो मी हलवते. ओरखडासुद्धा येणार नाही. आला तर मीच म्हणेन घेऊन जा." म्हणून बसले. बोलायच्या आधी विचार करायची सवय मला कधीच लागली नाही.

पुण्याच्या ट्यूनरला फोन लावला. दर वर्षी तेच येऊन पियानो सुरात लावून जातात. त्यांच्या ओळखीची पियानो हलवणारी माणसं चार दिवसांनी मोकळी होणार होती. चार दिवस! मी फोनवरच इतकी येरझाऱ्या घालत होते की ते म्हणाले, "आधी बसा बाई, मग सांगतो." बसले नाही, पण ऐकलं. पाय लावलेला पियानो ओढायचा नाही. झाकण काढायचं, पेडलचा सांगाडा काढायचा. मग डावीकडचा पुढचा पाय काढून त्या बाजूला हळूहळू कलवायचा, जाड फळीवर सरळ कडेवर उभा करायचा, मग उरलेले दोन पाय काढायचे. गोधड्यांत गुंडाळून पट्ट्यांनी फळीला बांधायचा. आणि थांबत थांबत न्यायचा. थोड्या थोड्या पावलांवर टेकवायचा, माणसांनी हात मोकळे करायचे. उतार आला की उताराच्या आधी तर टेकवायचाच, ओल नाही ना ते बघायचं आणि मगच उतरायचं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून घेतलं.

माणसं कुठून आणायची? भाऊ म्हणाले, मिलचे हमाल देतो. मी जाऊन बघून आले. पोतं दिसलं की लोखंडी आकडा रुतवायचा आणि धप्पदिशी पाठीवर घ्यायचं. माणसं कष्टाळू, त्यांना नावं ठेवत नाही, पण तो आकडा बघून मी आल्या पावली परतले. शेवटी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील म्हणाले, "बाई, आमची केळी उतरवणारी टोळी बघा. घड कापल्यापासून ट्रकमध्ये जाईपर्यंत सालीला नखसुद्धा लागू देत नाहीत." मग काय, त्याच दुपारी त्यांच्या गाडीत बसून बागेत गेले. वैशाखातलं ऊन, बाहेर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं, आणि मी निघाले पियानोसाठी केळी बघायला. घरच्यांनी कपाळावर हात मारला.

पण काय काम होतं हो त्यांचं! एकाने कोयता मारायचा, दुसऱ्याने घड खाली यायच्या आत खांद्यावरच्या गादीवर झेलायचा आणि वाफ्यावाफ्यातून, पाटाच्या पाण्यातून, बांधावरून थेट ट्रकपर्यंत चालत जायचं. मध्ये कुठेही टेकवायचा नाही. टेकवला की साल दबते, दुसऱ्या दिवशी काळा डाग पडतो आणि व्यापारी तो घड बाजूला काढतो. टोळीचे मुकादम नाना. साठीचे, अंगाने काटक, बोलणं मोजकं. मी त्यांना मोबाईलवर पियानोचा फोटो दाखवला.

"कितलं वजन शे?" त्यांनी विचारलं.

"तीनशे किलोच्या वर. जमेल?"

"हाव," ते जराही न बिचकता म्हणाले, त्यांच्याकडे हो म्हणायला हाव म्हणतात. "आठ जन लागतीन. आनि आमनं काम देखी ल्या बाई, एकदाव उचला का मधमा टेकाना नई."

आता इथे मी बोलायला हवं होतं. ट्यूनरने नेमकं उलट सांगितलं होतं आणि ते लिहिलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. पण मला धास्ती वाटली. यांच्या कामात खोट काढली आणि ते बिथरून नाही म्हणाले, तर उद्या मी कुणाच्या तोंडाकडे बघू? म्हणून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, नाना." असं मी आयुष्यात फार कमी लोकांना म्हटलं आहे.

दुसऱ्या दिवशी टोळी नऊच्या आधीच हजर. स्टेजच्या पायऱ्यांशी आठांनी चपला काढल्या. नानांनी पियानोला हात लावून तो कपाळाला लावला. मी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या आणल्या होत्या. फोन खुर्चीवर उभा करून ठेवला, त्यात पुण्याचे ट्यूनर. ते सांगत होते, मी पाना फिरवत होते, नाना बघत होते. झाकण निघालं. पेडल निघाले. पाय काढताना माझ्या हातून पाना दोनदा निसटला, तेव्हा नानांनी तो माझ्याकडून घेतला आणि एका पिळात तो पाय मोकळा केला. मग सगळ्यांनी मिळून पियानो असा अलगद कलवला की आतून हूं की चूं नाही. फळीवर उभा राहिला, गोधड्या गुंडाळल्या, पट्टे बसले. "वा!" फोनमधून ट्यूनर म्हणाले. मी तर टाळ्याच वाजवल्या.

तोवर अकरा वाजले होते. मांडववाला हॉलच्या मधोमध उभा राहून आरडाओरडा करत होता. त्याचे खांब आले होते, सजावटीचं मोठं कमळ आलं होतं, फुलवाले ये-जा करत होते. पियानो स्टेजवरून उतरवून मागच्या खोलीत न्यायचा होता. पायऱ्यांवर लाकडी फळ्यांचा उतार होता, आचाऱ्यांची भांडी चढवायला केलेला, आणि उताराच्या टोकाला लगेच खोलीचं दार, दगडी चौकटीचं. नऊ वाजता मी तो उतार चपला काढून, पायाने चाचपून बघितला होता. कोरडा ठणठणीत.

आठ जणांनी खांद्यांवर गाद्या घेतल्या, गाद्यांवर पट्टे घेतले. नानांनी नुसतं "हं" म्हटलं आणि पियानो उचलला गेला. एक पाऊल, दुसरं पाऊल, सगळ्यांची सारखीच. स्टेज करकरलंसुद्धा नाही. मी पुढे, मागे, बाजूला, नुसती नाचत होते. टोळी उताराशी आली. मागे खुर्चीवरच्या फोनमधून ट्यूनर ओरडले, "बाई, टेकवा! उतारावर जायच्या आधी टेकवा!" मला ते स्वच्छ ऐकू आलं. मांडववालाही ओरडत होता, "उरका ना राव!" नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी काहीच बोलले नाही. इतकं छान चाललंय, दहा पावलांचा तर प्रश्न आहे, एकदाचं होऊन जाऊ दे, असं मला झालं होतं. घरातून निघताना गॅस बंद केला का ते मी चार वेळा बघते. उतार मात्र मी दुसऱ्यांदा बघितला नाही. मधल्या वेळात फुलवाल्याने झेंडूची ओली पोती त्यावरूनच वर नेली होती.

नाना सगळ्यांत पुढे, खालच्या बाजूला होते. त्यांचा पाय सरकला. एक गुडघा फळीवर आपटला, खांद्यावरचा पट्टा निसटला आणि अख्खा पियानो त्यांच्या बाजूला झुकला. मी ओरडले. मागच्यांनी पट्टे ताणून धरले, पियानो चौकटीला टेकला आणि थांबला. नाना तसेच गुडघ्यावर होते. त्यांचा डावा हात पियानो बांधलेल्या फळीखाली होता, ती फळी आणि दगडी चौकट यांच्या मध्ये. ते ओरडले नाहीत. "उचला," एवढंच म्हणाले.

पोरांनी उचललं, हात निघाला, पियानो आत खोलीत गेला. आता जे लिहायचं ते लिहायला मला तीन दिवस लागले आहेत. मी पियानोच्या मागे आत गेले. आधी पियानोच्या मागे. गोधडी बाजूला करून कड चाचपली, कान लावला, बोटाने ठोकून बघितलं. काही नव्हतं, ओरखडासुद्धा नव्हता. "वाचला!" असं मी मोठ्याने म्हणाले. आणि मग वळून बघितलं तर बाहेर फरशीवर रक्त होतं आणि एकाने स्वतःच्या खांद्याची गादी नानांच्या हाताला गुंडाळली होती.

मग मात्र मी धावले. रिक्षा, दवाखाना, हाताचा एक्स-रे, सही, सगळं मी केलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिरडलं होतं. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील, पण वळणार नाहीत. डावा हात, म्हणजे घड खांद्यावर घेताना दांडा धरायचा हात. हे मला डॉक्टरांनी नाही, टोळीतल्या एकाने बाकावर बसल्या बसल्या सांगितलं. मी उठून दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले.

लग्न थाटात झालं म्हणे. चार दिवसांनी पियानो परत स्टेजवर चढला, या वेळी पुण्याची माणसं आली होती आणि चांगली वीस वेळा टेकवत टेकवत त्यांनी तो चढवला. भाऊ खूश. "बाई, शब्द पाळलात," म्हणाले. "आता त्या हॉटेलवाल्याला मी नाही म्हणून कळवतो. पियानो इथेच." मुलं आली, वर्ग सुरू झाले. एका मुलीच्या वडिलांनी पेढे आणले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पण खुर्चीवर बसले की पाच मिनिटांत उठावंसं वाटायचं. मुलांच्या हातांकडे बघवत नव्हतं. दहा-दहा बोटं, नुसती टणाटण पळतायत. "आज एवढंच," म्हणायचे आणि लवकर सोडून द्यायचे.

बाराव्या दिवशी एसटीत बसून नानांच्या गावी गेले. हातात सफरचंदांची पिशवी. केळी न्यायची नाहीत एवढं तरी भान होतं. नाना ओट्यावर खाटेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांच्या घरच्या अक्कांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि चहाला आत गेल्या. मी बसले आणि जी बोलत सुटले ती सुटलेच. डॉक्टर काय म्हणाले, पुण्याला हाताचे चांगले डॉक्टर आहेत, मी स्वतः घेऊन जाते, मंडळाशी बोलले आहे, मालेगावला माझा मावसभाऊ आहे त्याच्या ओळखीने बसून करायचं काम मिळतं का बघते, पियानो अगदी व्यवस्थित आहे, मुलं तुमची आठवण काढतात. मुलं कशाला आठवण काढतील? मुलांनी नानांना बघितलंसुद्धा नव्हतं. तोंड थांबतच नव्हतं माझं.

नानांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "बाई, केळीना कामले आमना एक नियम शे. पाय सरकना का घड सोडी देवाना आनि बाजूले उडी मारानी. माल गया तर गया. मालक बी काही बोलत नई."

मी म्हणाले, "मग त्या दिवशी?"

"त्या दिनले बी मी सोडतच व्हतू," ते म्हणाले. "हात काढाले लागनू व्हतू. तुम्ही वरडनात, सोडू नका. मी नई सोडं."

त्या दिवशी मी काय ओरडले ते मला इतके दिवस पक्कं ठाऊक होतं. सांभाळा, असं ओरडले होते. भाऊंना तसंच सांगितलं, घरी तसंच सांगितलं, दवाखान्यातही तेच सांगितलं. पण नानांनी तो शब्द उच्चारला आणि माझ्याच आवाजात मला तो ऐकू आला. सोडू नका. पन्नास वर्षं मुलांवर ओरडून ओरडून कमावलेला तो आवाज. कुणीही जागच्या जागी थांबावं असा.

आतून अक्का चहा घेऊन आल्या. कपबशी माझ्या हातात दिली, ती मी तशीच खाली ठेवली.

"चूक माझी आहे, नाना," मी म्हणाले. "माझीच आहे."

आपल्याकडे असं म्हटलं की समोरचा म्हणतोच, नाही हो बाई, चूक कुणाचीच नाही, नशिबात होतं. मी त्याचीच वाट बघत होते. खरं सांगते, तेवढंच ऐकायला मी एसटीतून गेले होते.

नानांनी उजव्या हाताने आपली बशी उचलली, चहा फुंकला, एक घोट घेतला.

"हाव," ते म्हणाले.